रविवारचा संदेश तयार करताना वाचनं कशी वाचायची

पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या मंडळीत गेले की इथला संदेश आपल्यापैकी कोणाच्या तरी गळ्यात पडतो, आणि मग शनिवारी रात्री यूट्यूबवर शोधाशोध सुरू. ते नको असेल तर सोमवारीच त्या रविवारची वाचनं, म्हणजे त्या दिवशी मंडळीत वाचायचे बायबलचे उतारे, काढून ठेवा. बऱ्याच मंडळ्या रिवाइज्ड कॉमन लेक्शनरी (कोणत्या रविवारी कोणता उतारा वाचायचा त्याची यादी) वापरतात, ती 1992 ची, तीन वर्षांचं चक्र आहे, अ वर्षात मत्तयचं शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा वृत्तांत), ब मध्ये मार्क, क मध्ये लूक, आणि योहान मधेमधे, जास्त करून लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) आणि ईस्टरच्या दिवसांत. कोणतं वर्ष चालू आहे ते कळायला सोपा हिशोब: सनाला 3 ने पूर्ण भाग गेला की क. म्हणजे 2025 क, 2026 अ. फक्त हे वर्ष जानेवारीत नाही, आदल्या वर्षीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून, सुरू होतं.

आता एक खरा रविवार घेऊ, 20 सप्टेंबर 2026. शुभवर्तमान मत्तय 20:1-16, द्राक्षमळ्यातले कामकरी, म्हणजे मालक दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मजूर लावतो आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो तो येशूचा दाखला. जुन्या करारातून दोन पर्याय आहेत, निर्गम 16:2-15 किंवा योना 3:10 ते 4:11. आणि फिलिप्पैकरांस पत्र 1:21-30.

पहिल्यांदा मोठ्याने वाचा, कमेंटरी (बायबलवरचं टीकापुस्तक) अजिबात उघडू नका, कारण एकदा दुसऱ्याचं उत्तर वाचलं की आपले प्रश्न मरतात. जिथे खटकतं तिथे पेन्सिलने खूण करा. या दाखल्यात खटकायलाच हवं, दिवसभर उन्हात राबलेल्याला एक दीनार आणि तासभर काम केलेल्यालाही एक दीनार, हे कुठल्याही मजुराला विचारा, तो म्हणेल हा काय न्याय झाला. ते खटकणं घाईघाईने पुसू नका, कारण संदेश तिथूनच निघतो.

मग वाचन कुठे कापलंय ते बघा. माझ्या मते अर्धं काम इथेच होतं आणि आपण नेमकं हेच टाळतो. मत्तय 20 च्या आधी, 19:27 मध्ये पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागे आलो, आम्हाला काय मिळणार? दाखला संपला की थोड्याच वेळात, 20:20 ला, जब्दीच्या मुलांची आई येते आणि पोरांसाठी उजवी-डावीकडची जागा मागते. म्हणजे दोन्ही बाजूंना "आम्हाला काय" हाच विषय आहे आणि मधे ही गोष्ट. तेव्हा पहाटेपासून राबणारे कामकरी म्हणजे यहुदी आणि शेवटी आलेले आपण, असं जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही, येशू इथे स्वतःच्या शिष्यांशी बोलतोय. तक्रार करणारे आत आहेत, पहिल्या बाकावर, आपल्यात.

निर्गमचंही तसंच. वाचन 15 व्या वचनाला थांबतं, पण ज्यासाठी ते या दाखल्याशेजारी छान बसतं ते 18 व्या वचनात आहे, ज्याने जास्त मान्ना (रानात देवाने इस्राएलांना रोज दिलेलं अन्न) गोळा केला त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही. दीनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, एका दिवसाचं पोट. लेवीय 19:13 आणि अनुवाद 24:15 बघितलं की संध्याकाळीच पैसे का दिले तेही कळतं, मजुराची मजुरी रात्रभर ठेवायची नाही असा नियमच होता.

आपल्याकडे लेबर नाका सगळ्यांनी बघितलेला आहे. सकाळी तगडे उचलले जातात आणि म्हातारे, किडकिडीत, एकट्या बायका तशाच उभ्या राहतात. दाखल्यातही पाच वाजता मालकाने "तुम्ही रिकामे का" असं विचारल्यावर उरलेले मजूर म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. ते आळशी होते असं मजकुरात कुठेही नाही, तेव्हा संदेशातही म्हणू नका.

आता जोडणी. सगळी वाचनं एका दोरीत ओवायचा मोह होतो, आणि मग संदेश चाळीस मिनिटं चालतो. लेक्शनरीत योना मुद्दाम शुभवर्तमानाला जुळवून घेतलेला आहे, निर्गम हा क्रमाने चालणाऱ्या वाचनांतला, आणि पत्र तर आपल्या आपल्या क्रमानेच पुढे जातं, त्याचा त्या दिवसाशी संबंध असेलच असं नाही. त्यामुळे फिलिप्पैला ओढूनताणून द्राक्षमळ्यात आणू नका, त्याच्यावर वेगळ्या रविवारी बोला.

मी योना घेईन. योना हा देवाचा संदेष्टा, आणि देवाने निनवे शहराचा नाश केला नाही म्हणून तो रागावतो, आणि रागाचं कारणही स्वतःच सांगतो, तू दयाळू आहेस हे मला माहीतच होतं! पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं, एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि एवढी गुरंढोरं, त्यांची मला कीव येऊ नये का. इकडे मळ्याचा मालकही शेवटी प्रश्नच विचारतो, मी उदार आहे म्हणून तुला पोटात दुखतंय का? योना काय म्हणाला ते लिहिलेलं नाही आणि तो मजूर काय म्हणाला तेही नाही. मग आपणही त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होऊ नये, प्रश्न मंडळीपुढे ठेवावा.

गुरुवारपर्यंत एवढं झालं की आता कमेंटरी उघडा, आपण कुठे भरकटलो का ते तपासायला. मग सगळं एका वाक्यात लिहून बघा, उदाहरणार्थ "देव दुसऱ्याला देतो तेव्हा माझं काही कमी होत नाही, तरी मला राग येतो." त्या वाक्यात न बसणारं सगळं काढा, ग्रीक शब्द तर पहिले काढा. पंधरा मिनिटं पुष्कळ.

आणि शनिवारी वाचन करणाऱ्याला फोन करा, मालकाच्या त्या प्रश्नाआधी जरा थांबायला सांगा, नाहीतर पोरं नेमकं तेच वाचन एक्सप्रेससारखं काढतात.