लायब्ररीचं ट्रान्झिशन: पॅकेजिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

परभणीत बसून मी डेबियन या लिनक्स डिस्ट्रोचं पॅकेजिंग करतो, म्हणजे सॉफ्टवेअर तिथे इन्स्टॉल होईल अशा पॅकेजमध्ये बांधतो. नांदेड-लातूरच्या कॉलेजांतली पोरं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी सांगतो, एखाद्या छोट्या लायब्ररीचं ट्रान्झिशन शेवटपर्यंत पार पाडा, म्हणजे तिची जुनीशी न जुळणारी नवी आवृत्ती आणा आणि तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस त्या आवृत्तीवर न्या. डिस्ट्रोची नाडी तिथेच हाताला लागते.

आधी सोनेम बघायला शिका, म्हणजे लायब्ररीच्या आत नोंदवलेलं, आवृत्तीचा आकडा असलेलं नाव; प्रोग्राम त्यावरूनच लायब्ररी शोधतो. लायब्ररीच्या फाइलवर ‘रीडएल्फ -डी’ चालवलं की ती ओळ दिसते. एन्क्रिप्शनची लायब्ररी ओपनएसएसएल ३ आली तेव्हा सोनेममधला आकडा १.१ चा ३ झाला आणि पॅकेजचं नावही लिबएसएसएल३ झालं. जुन्या आकड्यावर बिल्ड झालेला प्रोग्राम नवी लायब्ररी उचलत नाही, तो पुन्हा बिल्ड करावा लागतो.

म्हणून नवी लायब्ररी अपलोड करणं हे त्यातलं सोपं काम. खरा कस लागतो तिच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजेसमध्ये. नवी आवृत्ती आधी एक्सपेरिमेंटल या डेबियनच्या चाचणीच्या विभागात टाका, त्या पॅकेजेसची यादी काढा आणि एकेक एसबिल्डने (स्वच्छ, वेगळ्या वातावरणात बिल्ड करणारं साधन) बिल्ड करून बघा. कुठे फंक्शन काढून टाकलेलं असतं, कुठे पॅरामीटर वाढलेला असतो. बग नोंदवताना शक्यतो पॅचही जोडा, समोरचा मेंटेनरही फावल्या वेळातच काम करत असतो. (उन्हाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, त्यामुळे मोठी बिल्ड एकदम लावू नका आणि प्रत्येक लॉग जपून ठेवा.) एवढं झाल्यावरच डेबियनच्या रिलीज टीमकडे ट्रान्झिशन सुरू करण्याची विनंती करा. होकार आला की अनस्टेबलमध्ये, म्हणजे जिथे रोजचं नवं काम येतं त्या विभागात, अपलोड. बाकीची पॅकेजेस सोर्सला हात न लावता पुन्हा बिल्ड होतात, यालाच बिनएनएमयू म्हणतात.

सगळ्यात घातक बदल मात्र सोनेम न बदलता होतो. सिम्बल्स फाइल (लायब्ररी बाहेर देते त्या फंक्शनांची यादी) ठेवली असेल तर गायब झालेलं फंक्शन बिल्डच्या वेळीच पकडलं जातं. पण स्ट्रक्टचा, म्हणजे एकत्र ठेवलेल्या डेटाच्या साच्याचा, आकार बदलला तर ती फाइल गप्प राहते. २०२४ मधलं टाइम_टी (प्रोग्राममध्ये वेळ साठवायचा प्रकार) ट्रान्झिशन याच जातीचं होतं. ३२ बिटांची वेळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपते. आर्मएचएफवर (३२ बिटांच्या आर्म प्रोसेसरांसाठीचं डेबियन) ती ६४ बिटांची केली, पण फंक्शनांची नावं तीच राहिली. म्हणून सोनेम तसंच ठेवून पॅकेजच्या नावाच्या शेवटी ‘टी६४’ लावलं. आय३८६ ला (३२ बिटांच्या इंटेल पीसींसाठीचं डेबियन) यातून वगळलं, कारण तिथे जुने बायनरी प्रोग्राम चालत राहणं जास्त महत्त्वाचं होतं.

असे बदल अबीडिफ हे दोन लायब्ररींची तुलना करणारं साधन दाखवतं. जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी ठेवून ते एकदा चालवा, मगच अपलोडचा विचार करा.