अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूल : अर्जात आणि अभ्यासात या चुका टाळा

अमेरिकेत डी.ओ. (हातांनी करायच्या उपचारांचेही शिक्षण देणाऱ्या ऑस्टिओपॅथिक शाखेची वैद्यकीय पदवी) झालेली व्यक्ती एम.डी. (तिथली नेहमीची वैद्यकीय पदवी) झालेल्या व्यक्तीइतकीच पूर्ण डॉक्टर असते. ती औषधे लिहून देते, शस्त्रक्रिया करते आणि ५० पैकी कोणत्याही राज्यात परवाना मिळवू शकते. २०२० पासून दोघांच्या रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची, मान्यताही एकाच व्यवस्थेखाली आली आहे. तरीही तिथल्या अनेक मराठी घरांत ‘एम.डी. नाहीच मिळाले तर बघू’ म्हणून हा अर्ज भरला जातो, आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

ती भावना अर्जात उतरल्याशिवाय राहत नाही. एम.डी.साठी लिहिलेला निबंध ‘ॲकोमास’ या डी.ओ. महाविद्यालयांच्या सामायिक यंत्रणेच्या अर्जात जसाच्या तसा चिकटवला, त्यात ऑस्टिओपॅथीचा उल्लेख शेवटच्या ओळीत आला आणि सोबत एकाही डी.ओ. डॉक्टरचे शिफारसपत्र नसले, तर निवड समितीला वेगळे काही सांगावे लागत नाही. अनेक महाविद्यालये असे पत्र मागतात किंवा पसंत करतात. म्हणून पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनच एखाद्या डी.ओ. डॉक्टरसोबत दवाखान्यात बसण्याची परवानगी मिळवावी.

अंतिम तारखेवर विसंबणे ही दुसरी चूक. अर्ज मे महिन्यात खुले होतात आणि जागा येतील तशा भरत जातात, त्यामुळे हिवाळ्यात पाठवलेला चांगला अर्जही मागे पडतो. प्रत्येक विषयाचे गुण गुणपत्रिकेप्रमाणे भरावे लागतात. अर्धवट सोडलेला विषय वगळला, तर पडताळणी रखडते. पुन्हा दिलेल्या विषयाचे नवे गुण जुन्यांची जागा घेतात, हा सल्ला अजून फिरतो, परंतु २०१७ पासून दोन्ही धरले जातात. फोर्ट वर्थच्या टेक्सास कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिनसाठी तर अर्जाची यंत्रणाच निराळी, टेक्सास राज्याची आहे.

महाराष्ट्रातून बारावी आणि नीटच्या बळावर अमेरिकेतील या महाविद्यालयांत थेट प्रवेश मिळत नाही. साधारणपणे आधी पदवी आणि एमकॅट ही तिथली वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागते, आणि पुष्कळ महाविद्यालये केवळ नागरिक व ग्रीन कार्डधारकांनाच घेतात. पैसे भरण्यापूर्वी हे तपासावे.

प्रवेशानंतरची चूक म्हणजे हातांनी करायच्या उपचारांचा विषय परीक्षेच्या आदल्या महिन्यावर ढकलणे. बरगड्यांची हालचाल किंवा मणक्यालगतचा ताठ स्नायू बोटांना ओळखू यायला सराव लागतो. तो पुस्तकातून येत नाही. कॉमलेक्स या डी.ओ.च्या परवाना परीक्षेत छातीत दुखणाऱ्या रुग्णाची हकीकत देऊन पाठीच्या कोणत्या भागात बदल सापडेल असे विचारले जाऊ शकते, आणि हृदयाचा संबंध वक्षाच्या पहिल्या ते पाचव्या मणक्यांशी जोडला जातो हे तिथे माहीत असावे लागते. डी.ओ. विद्यार्थ्याला कॉमलेक्स अनिवार्य आहे, यूएसएमएलई ही एम.डी.ची परवाना परीक्षा नाही. मात्र चुरशीच्या शाखांतील काही रेसिडेन्सी कार्यक्रम यूएसएमएलईचे गुण पाहतात. त्यामुळे दोन्ही परीक्षा द्यायच्या की नाही, हे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच, आपल्याला हव्या त्या शाखेच्या अटी वाचून ठरवावे.