घरीच बदला स्पोर्ट्स कारचं ऑइल

भाऊ, आपल्या इकडे गॅरेज म्हटलं की नागपूर नाहीतर अमरावती गाठा, म्हणून ऑइल तरी घरीच बदलत जा. गाडी काँक्रीटवर घ्या, काळ्या मातीत जॅक रुततेच, अन् गाडी लय खाली असते म्हणून आधी चाकं जाड फळीवर चढवा, मंगच जॅक आत जाते. जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी तोलून धरणारे लोखंडी टेकू, लावल्याबिगर खाली घुसायचंच नाही! इंजिन कोमट असतानीच ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनखालचा जुनं ऑइल काढायचा बोल्ट, खोला, बोल्ट परत लावताना वॉशर नवा टाका, ऑइल फिल्टर डब्यासारखा अख्खा फिरवून बसवायचा असन तर त्याच्या रबराले ताज्या ऑइलचं बोट फिरवा अन् हातानंच आवळा, पाना लावला तर पुढच्या वेळी निघता निघत नाही. नव्या ऑइलचा ग्रेड, म्हणजे ते किती घट्ट-पातळ, तो गाडीच्या मॅन्युअलमधलाच. जुनं ऑइल वावरात नाहीतर नालीत ओतू नका राजेहो, जमीन अन् पाणी दोन्ही नासते, कॅनमध्ये भरून ऑइल रिसायकलवाल्याले द्या.