यूएसडीटी विकून आलेले पैसे अडकतात कसे? पी-टू-पी विक्रीत या चुका टाळा

यूएसडीटी हे डॉलरच्या किमतीशी बांधलेलं क्रिप्टो नाणं, आणि पी-टू-पी म्हणजे प्लॅटफॉर्मवर ते थेट दुसऱ्या माणसाला विकणं. अशा व्यवहारात दोन्ही बाजूंचा धोका सारखा नसतो. एस्क्रोमधून (पैसे येईपर्यंत प्लॅटफॉर्म नाणी अडवून ठेवतो तिथून) सोडलेलं यूएसडीटी समोरच्याच्या वॉलेटमध्ये गेलं की तुमच्या हातात काही उरत नाही. रुपये मात्र खात्यात दिसत असूनही हातचे जाऊ शकतात. यूपीआयने आलेली रक्कम पाठवणाऱ्याला बटण दाबून मागे घेता येत नाही, त्यामुळे बरेच विक्रेते निर्धास्त असतात. पण भारतात पैसे अडकतात ते सायबर तक्रारीमुळे. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवतो. मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले, तिथे लीन लागतं, म्हणजे बँक रक्कम अडवून ठेवते, कधी कधी तर व्यवहार विसरूनही गेल्यावर.

दुसऱ्याच्या नावाने आलेलं पेमेंट घेणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. ठग जुन्या वस्तूंच्या साइटवर स्वस्त फोनची जाहिरात टाकतो आणि त्याच वेळी तुमच्याकडे, समजा, ४०,००० रुपयांच्या यूएसडीटीची ऑर्डर लावतो. ऑर्डरमध्ये दिसणारा तुमचा यूपीआय आयडी तो फोनच्या गिऱ्हाइकाला देतो. गिऱ्हाईक पैसे भरतं, तुमच्या खात्यात बरोबर ४०,००० जमा होतात आणि तुम्ही रिलीज (एस्क्रोतून यूएसडीटी सोडायचं बटण) दाबता. ठग यूएसडीटी घेऊन पसार. फोन न मिळालेलं गिऱ्हाईक तक्रार करतं, तेव्हा त्यात खाते क्रमांक असतो तुमचा.

म्हणून रिलीजच्या आधी प्लॅटफॉर्मवरचं केवायसीचं नाव आणि बँकेच्या नोंदीत पैसे पाठवणाऱ्याचं नाव समोरासमोर ठेवून बघा. 'भावाच्या खात्यातून पाठवलेत', 'मिसेसचं खातं आहे' असं चॅटमध्ये आलं की थांबायचं. रिलीज न करता प्लॅटफॉर्मकडे अपील (वादाची तक्रार) टाका. रक्कम परत करायची वेळ आलीच, तर सपोर्टने अपीलमध्ये सांगितल्यावर, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. घाई करणाऱ्याला तर अजिबात भीक घालू नका. खऱ्या खरेदीदाराला दहा मिनिटं थांबायला काहीच होत नाही.

नाव जुळलं म्हणजे सुटलो, असंही नाही. तपासात पैशांचा माग थराथराने घेतला जातो. भाड्याने घेतलेल्या खात्याचा मालक स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच केवायसीवर खरेदी करतो आणि पैसे मात्र दोन खात्यांआधी कुणाकडून तरी लुबाडलेले असतात. बाजारभावापेक्षा दोन-तीन रुपये जास्त देणारा खरेदीदार बहुतेकदा याच जातीचा. माझं मत स्पष्ट आहे: रक्कम मोठी असेल तर पी-टू-पीच्या नादी न लागता एफआययूकडे (केंद्र सरकारची आर्थिक गुप्तवार्ता यंत्रणा) नोंदणी असलेल्या भारतीय एक्स्चेंजवर विका. प्राप्तिकर नियमांप्रमाणे १ टक्का टीडीएस कापला जाईल, दर थोडा कमी पडेल, पण पैसे एक्स्चेंजकडून येतील, अनोळखी माणसाच्या खात्यातून नाही.

बाकीच्या चुका

पेमेंटचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पाहून रिलीज करणं: दोन्ही बनावट असू शकतात, बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडा. प्लॅटफॉर्म सोडून टेलिग्रामवर सौदा करणं: एस्क्रोही नाही, अपीलही नाही. आणि पगाराच्या, घरकर्जाच्या हप्त्याच्या खात्यातच हे पैसे घेणं: खातं फ्रीज झालं की हप्ता बाउन्स होतो.

परदेशात असाल तर पेपाल आणि कार्ड ही वेगळीच डोकेदुखी. पेपालवर खरेदीदाराला १८० दिवसांपर्यंत तक्रार उघडता येते. 'माल मिळाला नाही' असं तो म्हणाला तर कुरिअरची पावती दाखवायची सोय तुमच्याकडे नसते, कारण मालच डिजिटल आहे. अशा मार्गाने क्रिप्टो विकूच नये.

लीन लागलंच तर

बँकेच्या शाखेत भांडून उपयोग नाही. लेखी अर्ज देऊन तक्रारीचा पोचपावती क्रमांक, राज्य, पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम मागा. मग तपास अधिकाऱ्याला ईमेलने ऑर्डर क्रमांक, खरेदीदाराचं केवायसीचं नाव, यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक), पूर्ण चॅट आणि एस्क्रो सोडल्याची नोंद पाठवा. प्राप्तिकर विवरणपत्रात शेड्यूल व्हीडीए (क्रिप्टो व्यवहारांचा तक्ता) भरलेलं असेल तर तेही जोडा, व्यवहार लपवलेला नाही हे त्यातून दिसतं. चॅट पुढे सापडेलच याची खात्री नसते, म्हणून ऑर्डर पूर्ण झाली त्याच दिवशी सगळं उतरवून ठेवा.

वादातली रक्कम ४०,००० असताना पूर्ण खातं बंद असेल, तर लीन तेवढ्याच रकमेपुरतं ठेवा असा अर्ज बँकेला आणि अधिकाऱ्याला करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत हे धोरण घेतलं होतं. दाद मिळाली नाही तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

मधेच कुणी फोन करून 'मला थेट पैसे पाठवा, मी तक्रार मागे घेतो' म्हणालं, तर पाठवू नका. तक्रार तशीच राहिली तर रक्कम दोनदा जाईल. द्यायचे असतील तर तपास अधिकाऱ्याच्या लेखी सूचनेवर, बँकेमार्फतच द्या.