पहिल्यांदा हेअर कलर करताय? आधी मेंदीचं सांगून टाका

सलूनच्या खुर्चीत बसल्याबसल्या 'कोणती शेड?' असं विचारलं, तर तुम्हीच थांबवा आणि मेंदीचं सांगा. 'ती तर सहा महिन्यांपूर्वी लावली होती' म्हणून सोडून देऊ नका. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मुळाकडचे सातेक सेंटिमीटर सोडले, तर खालचा सगळा केस अजून मेंदीचाच. त्यावर रंग चढवला की मुळाशी एक छटा आणि खाली दुसरीच.

शुद्ध मेंदीत प्रकरण एवढ्यावर निभावतं. पाकिटातल्या 'काळ्या मेंदी'चं तसं नाही. काहींमध्ये धातूचे क्षार असतात; डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं पेरॉक्साइड, लागला की केस गरम होतो, रबरासारखा ताणतो, तुटतो. शंका असेल तर चिमूटभर केस कापून तपासायला सांगा: 30 मिलि 20 व्हॉल्यूम (ही पेरॉक्साइडची तीव्रता) पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे 20 थेंब, त्यात केस अर्धा तास. वाटी गरम झाली, फेस आला किंवा केसाचा रंग बदलला, तर त्या दिवशी नुसता हेअरकट करून घरी या.

शेड कार्डावर भुलू नका. कार्डावरचे झुपके बहुधा फिक्या केसांवर रंगवलेले असतात. आपल्या काळ्याभोर केसांवर ब्लीचशिवाय बरगंडी उन्हात झळकेल, पण ॲश ब्राउन दिसणारच नाही. काळ्याच्या पोटात लाल आणि नारिंगी दडलेलं असतं; ब्लीच अर्ध्यावर धुतलं की तेच वर येतं. ते टाळायचं म्हणून कुणी 40 व्हॉल्यूम, म्हणजे 12 टक्के, टाळूला लावू लागलं तर सरळ नाही म्हणा. पांढरे झाकायला 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के, पुरतं.

मुळं भडक, टोकं काळपट? टाळूच्या उबेने मुळाशी रंग लवकर चढतो. पूर्ण केस उजळ करायचे असतील तर मुळाकडचा दीड सेंटिमीटर सोडून आधी लांबीला लावतात, मुळं शेवटी. पांढरे झाकायचे असतील तर उलट, सुरुवात मुळापासून. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा बऱ्याचदा चाळिशीपार असतो. त्यात एसी बंद असेल तर घड्याळाकडे तुम्हीही लक्ष ठेवा.

पॅच टेस्ट 48 तास आधी, कानामागे. 'अमोनिया-फ्री' लिहिलंय म्हणून टाळू नका. खाज आणि सूज बहुधा रंगातल्या पीपीडी या रसायनामुळे येते, आणि ते अमोनिया-फ्री रंगातही असू शकतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या किंवा हळदीच्या आदल्या दिवशी पहिला प्रयोग नकोच. आठवडाभर आधी करा, म्हणजे बिघडलं तरी दुरुस्तीला वेळ राहतो.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस शाम्पू नको. नंतर सल्फेट नसलेला घ्या, पाणी कोमट. बोअरचं पाणी जड असेल तर केस राठ आणि रंग मळकट दिसतो. नळाला पाणी येईल त्या दिवशी एक बादली केसांसाठी बाजूला ठेवा.

आणि नारिंगी आलाच, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लीच करू नका. निळ्या छटेचं टोनर नारिंगी मारतं, जांभळ्या छटेचं पिवळा. फार गडद झाला तर वरून फिकी शेड लावून उपयोग नाही, रंगाने रंग उजळत नाही. पैसे देण्याआधी केस वाळवून घ्या आणि दाराबाहेर उन्हात आरशात बघा. ओला केस नेहमी एक छटा गडदच दिसतो.