आधी होर्डिंग बघा, मग यशया उघडा

"हल्ली संस्कृती बिघडलीय" असं म्हणून बायबल उघडलं ना की हाती काहीच लागत नाही, मोबाईल जीन्स पार्ट्या सगळं एकाच पोत्यात. आमच्या गोव्यातल्या म्हापशाच्या बायबल वाचणाऱ्या ग्रुपमध्ये किती महिने आम्ही हेच करत बसलो होतो. त्यामुळे पहिलं म्हणजे एकच वस्तू निवडा. समजा पर्वरीकडे जाताना दिसणारं व्हिलाचं होर्डिंग.

लगेच वचन शोधू नका, आधी नीट बघा. येशूचा प्रेषित पौल अथेन्सला गेला (प्रेषितांची कृत्ये १७) तेव्हा मूर्ती बघून आतून जळत होता, तरी शहर फिरून 'अज्ञात देवाला' अशी एक वेदी त्याने हेरली आणि भाषण तिथूनच सुरू केलं, वर त्यांच्याच कवीची ओळ ऐकवली. तसंच फोटोत बघा, हिरवंगार शेत आहे, पण शेतात माणूस एकही नाही. खाली 'सुशेगाद लाईफ', म्हणजे निवांत, आरामाचं जगणं. धुरात राहणाऱ्याला मोकळी हवा हवीशी वाटली तर त्यात पाप नाही, हेही लिहून ठेवा, नाहीतर नुसतं नाक मुरडणं होतं.

आता वचन. ॲपमध्ये 'व्हिला' टाकून काही येणार नाही, त्यामागची हाव शोधा, म्हणजे जमीन, वतन, लोभ. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ५:८ मध्ये (अध्याय ५, वचन ८) घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांना, जागाच उरू न देणाऱ्यांना, हाय हाय म्हटलंय. पण तिथे थांबू नका, खरी गंमत ९व्या ओवीत, म्हणजे वचनात (आजीची सवय!), मोठी सुंदर घरं ओस पडतील, राहायला कोणी नाही. आमच्या वाड्यावर अशी चार घरं आहेत, ख्रिसमसला लाईट लागते, एरवी फक्त वॉचमन आणि त्याचं कुत्रं.

मग १ राजे २१, अख्खा अध्याय. अहाब राजाने नाबोथला द्राक्षमळ्याचे चांगले पैसे देऊ केले होते, किंवा बदल्यात याहून चांगला मळा, हे आपण विसरतो. नाबोथ म्हणाला वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. राजा तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. त्याची राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, शिक्का मारला, साक्षीदार दोन उभे केले, खोटे, पण मोजून दोन. कागद एकदम क्लिअर! गावच्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली, मला तर तेच जास्त झोंबतं. नाबोथला दगडांनी मारलं आणि मळा राजाचा झाला.

एक वचन उचलून स्टेटसला लावायची सवय मात्र सोडा. यिर्मया २९:११ (देवाच्या मनात तुमच्या हिताचेच विचार आहेत) सगळ्यांना पाठ, त्याच्या आधीच्याच वचनात बाबेलात बंदिवासात ७० वर्षं काढायची आहेत हे कोण वाचतं?

शेवटी कुसळ आणि मुसळ (मत्तय ७). होर्डिंगला शिव्या देऊन झाल्यावर मलाच कोणीतरी विचारलं, तुमच्या वरच्या खोलीचं काय? आधी तिथे एक कुटुंब वर्षाच्या भाड्याने राहायचं, आता आम्ही ती टुरिस्टना रात्रीच्या रेटने देतो. मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला. घरी येऊन बायकोला सांगितलं, ती म्हणाली मे संपू दे, मग बघू.