सोरोरिटी रिक्रूटमेंटचे कपडे : पुण्यातून टेक्सासला जाताना काय शिवलं, काय घेतलं आणि कुठे पैसे वाया गेले

घरी पहिल्यांदा सोरोरिटी म्हटलं तेव्हा आईने विचारलं, म्हणजे होस्टेल का गं? तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकन कॉलेजात मुलींच्या संघटना असतात, ग्रीक अक्षरांची नावं, झीटा टाऊ अल्फा, ट्राय डेल्टा वगैरे, त्यातल्या मोठ्या २६ संघटना नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स नावाच्या एका छत्राखाली येतात आणि हे छत्र १९०२ पासून आहे. साउथमधल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिट्यांमध्ये बहुतेक ठिकाणी फॉलचे क्लासेस सुरू व्हायच्या जरा आधी रिक्रूटमेंटचा आठवडा असतो, त्यालाच जुन्या भाषेत रश म्हणतात. तुम्ही या सोरोरिटींच्या घराघरात जाऊन तिथल्या मुलींशी गप्पा मारायच्या, त्या तुम्हाला निवडतात, तुम्ही त्यांना क्रम देता, आणि शेवटी जुळलं तर बिड मिळते, म्हणजे सामील व्हायचं आमंत्रण. २०२१च्या ऑगस्टमध्ये अलाबामाच्या मुलींचे रोज काय घातलं ते सांगणारे टिकटॉक व्हिडिओ जगभर फिरले, आपल्याकडे टिकटॉक २०२० पासूनच बंद होतं तरी रील्समधून ते माझ्यापर्यंत पोचले, आणि अॅडमिशन झाल्यावर मी पहिल्यांदा घाबरले ती अभ्यासाला नाही, कपड्यांना. एकेका मुलीच्या अंगावर लव्हशॅकफॅन्सीचा ड्रेस, पायात गोल्डन गूसचे शूज, म्हणजे एका दिवसाच्या कपड्यांत माझी पुण्याची वर्षभराची खरेदी झाली असती.

मी एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. त्या व्हिसावर पहिल्या वर्षी कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास, आणि रश तर क्लासेसच्याही आधी, म्हणजे हातात पगार येण्यापूर्वीच खर्च. बाबांना स्पष्ट सांगितलं की कपड्यांवर दीडशे डॉलरच्या वर जाणार नाही, आणि नाही गेले. कसं ते सांगते, कारण दरवर्षी जुलै आला की ओळखीतून कोणाची तरी मुलगी घाबरून मेसेज करते आणि मी तेच तेच टाईप करते.

सगळ्यात आधी आपल्या युनिव्हर्सिटीच्या पॅनहेलेनिकने, म्हणजे तिथल्या सोरोरिटींच्या एकत्रित मंडळाने दिलेली ड्रेस गाईड नीट वाचा, त्यात राउंडनुसार फोटो असतात. नावं थोडी इकडेतिकडे होतात पण साधारण ओपन हाउस, मग फिलान्थ्रॉपी म्हणजे समाजकार्याचा राउंड, मग सिस्टरहूड, मग प्रेफरन्स आणि शेवटी बिड डे असा क्रम. फिलान्थ्रॉपीला खूप ठिकाणी पॅनहेलेनिकचाच टीशर्ट मिळतो, खाली शॉर्ट्स किंवा स्कर्ट आपला, आमच्याकडेही तसंच होतं, म्हणजे तिथे काही घ्यायचं नव्हतंच. बिड डेला तर चॅप्टरच, म्हणजे सोरोरिटीची त्या कॉलेजातली शाखाच जर्सी देते, खाली पांढरी शॉर्ट्स. हिशोब केला तर खरे कपडे लागतात ओपन हाउसच्या दोन दिवसांना, सिस्टरहूडला आणि प्रेफरन्सला. चार ड्रेस. व्हिडिओ बघून वाटतं पंधरा लागतील.

त्यातले दोन मी पुण्यातच शिवले, आणि हा निर्णय सगळ्यात चांगला ठरला. लक्ष्मी रोडवरून कापड आणलं, एक गडद निळं कॉटन सिल्क प्रेफरन्ससाठी आणि एक चिंतामणी रंगाचा खण, दोन्ही ड्रेस मिळून कापड, अस्तर आणि शिलाई धरून तीन हजार रुपयांच्या आत. कोथरूडला आमचे जे टेलरकाका आहेत ते आईचे ब्लाउज शिवतात, त्यांना मी फोनवर फोटो दाखवला तर म्हणाले, यात काय, बिनबाह्यांचा ए-लाईन, मागे चेन, झालं. फक्त तीन गोष्टी त्यांना आठवणीने सांगितल्या आणि त्या तुम्हीही सांगा. एक म्हणजे शिवणीत दोन्ही बाजूंना निदान इंचभर माया ठेवा, कारण तिकडे जाऊन वजन वाढो की कमी होवो, उसवून सैल करता आलं पाहिजे. दुसरं, अस्तर कॉटनचंच लावा, पॉलिस्टरचं नको, टेक्सासच्या ऑगस्टमध्ये ३७-३८ डिग्रीत पॉलिस्टरचं अस्तर पाठीला चिकटतं. तिसरं म्हणजे खिसा. खिसा पाहिजेच, कारण घरात शिरताना पर्स आणि बॅग बाहेर ठेवायला लागतात, आणि आत टिश्यू नसेल तर घाम पुसायला हाताशिवाय काही नसतं. ट्रायलला गेलात की नुसतं आरशात बघू नका, दुकानात खुर्चीवर बसा, वाका, हात वर करा, कारण त्या आठवड्यात तुम्ही सोफ्यावर बसून बोलणार असता आणि बसल्यावर ड्रेस किती वर जातो हे उभं राहून कळत नाही.

खणाचा ड्रेस मी सिस्टरहूडला घातला, आधी घालू की नको असं फार चाललं होतं मनात, सगळ्या फुलाफुलांच्या पेस्टल ड्रेसात आणि आपण एकटीच अशी. पण तिसऱ्या का चौथ्या घरात एका मुलीने बसल्याबसल्या विचारलं की हे कापड विणलेलं आहे का छापलेलं, आणि मी तिला काठाचा कोपरा उलटा करून दाखवला, मागून धागे कसे दिसतात ते, मग आजीचं परकर-पोलकं, दिवाळी, असं बोलत बोलत पूर्ण वेळ गेला आणि दुसरी मुलगी बम्प करायला आली, म्हणजे गप्पा तोडून तिची जागा घ्यायला, तर ही उठायलाच तयार नव्हती. तिथेच मला पुढे बिड मिळाली. खणामुळे मिळाली असं मी म्हणत नाही, पण बोलायला माझा स्वतःचा विषय मिळाला. तिथे बॉईज, बूझ, बायबल, बॅलट, बक्स या पाच गोष्टींवर बोलायचं नसतं असं सगळ्यांना शिकवलेलं असतं, मग उरतं काय तर मेजर काय, डॉर्म कुठलं, आणि हेच दिवसाला दहा वेळा, समोरची मुलगीही कंटाळलेली असते.

बाकीचे दोन ड्रेस तिकडे घेतले, एक टार्गेटचा आणि एक गुडविलमधून. गुडविल आणि प्लेटोज क्लॉझेट इथे लाजू नका प्लीज, हे मी मनापासून सांगते, आपल्याला सेकंडहँड म्हटलं की कसंतरी होतं पण कॉलेजगावातल्या या दुकानांत आदल्या वर्षीच्या मुलींचे एकदाच घातलेले ड्रेस येतात, माझा हिरवा ड्रेस लेबलसकट १२ डॉलरला मिळाला. टीजे मॅक्स, रॉस, मार्शल्स या स्वस्तातल्या दुकानांतही जा पण वेळ काढून जा, तिथे साईझ लागेल तशी सापडत नाही, शोधावी लागते. आणि टेक्सासमध्ये ऑगस्टात एक वीकेंड असतो, शुक्रवार ते रविवार, त्यात १०० डॉलरच्या आतल्या कपड्यांवर आणि चपलाबुटांवर सेल्स टॅक्स लागत नाही, एरवी तो ८.२५ टक्क्यांपर्यंत जातो. पर्स आणि दागिन्यांना ती सूट नाही. मोजकीच खरेदी असली तरी त्या वीकेंडला करा, पण त्याच्या तारखा आणि तुमच्या रशच्या तारखा आधी जुळवून बघा. एफ-वनवर प्रोग्रॅम सुरू व्हायच्या ३० दिवसांआधी अमेरिकेत शिरता येत नाही, आणि रशसाठी डॉर्ममध्ये लवकर मूव्ह इन करायला वेगळी परवानगी, कधी वेगळे पैसे लागतात, तेही आधीच विचारा.

पैसे कुठे वाया गेले तेही सांगते. निघायच्या आधी एका स्वस्त ऑनलाईन अॅपवरून मावशीच्या डॅलसच्या पत्त्यावर सॅटिनचा ड्रेस मागवला होता, फोटोत इतका सुंदर की बस. आला तो उशिरा, उजेडात धरला तर आरपार, आणि परत पाठवायचा खर्च ड्रेसच्या अर्ध्याइतका. २३ डॉलर गेले. तो ठेवला असता तरी सॅटिन त्या हवेत चालत नाही, घामाचा एक थेंब पडला की त्याचा पैशाएवढा डाग पडतो आणि सुकल्यावरही कडा दिसते. लिनन छान वाटतं पण दोनदा बसलं की चुरगळतं. राखाडी कॉटन तर अजिबात नको. बारीक प्रिंट, पांढरं, नेव्ही, यात घाम लपतो. काही मुली महागडा ड्रेस टॅग आत दडवून घालतात आणि दुसऱ्या दिवशी परत करतात, ते करू नका, ते बरोबर नाहीच, आणि दिवसभर टॅगची काळजी करत गप्पा होत नाहीत.

आता चपला. माझं ठाम मत आहे की दीडशेतले सगळ्यात जास्त पैसे इथे जाऊ देत. मी ४५ डॉलरचे फिकट ब्राउन ब्लॉक हील्स घेतले, अडीच इंच, आणि तेच शेवटपर्यंत प्रत्येक ड्रेसवर घातले, कोणी बघितलंही नाही. बारीक टाचेचे नको कारण प्रत्येक घरापुढे लॉन आहे आणि टाच रुतते, माझ्यासमोर एकीची रुतली आणि बूट तिथेच राहून ती पुढे गेली, बिचारी रडायला आली होती. पण चूक माझीही झाली, बूट नवे कोरे पहिल्याच दिवशी घातले. दुपारपर्यंत दोन्ही टाचांना फोड, संध्याकाळी त्यातला एक फुटला आणि मोजे काढताना चिकटला. तुम्ही निदान दोन आठवडे आधी घरात घालून फिरा, जाड मोजे घालून फिरलात तर लवकर मोकळे होतात. दोन घरांमधलं चालणं साध्या सपाट सँडलमध्ये करा, आणि दाराजवळ रांग लागली की हील्स घाला, सगळ्या तेच करतात.

सोबतची बॅग म्हणजे साधी कापडी पिशवी चालते, त्यात हातपंखा किंवा छोटा फॅन, पाणी, डिओ, बँड एड, सेफ्टी पिना, सुईदोरा, छत्री, आणि खायला काहीतरी, मी राजगिऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. माझ्या पिना प्रेफरन्सच्या दिवशी तीन मुलींना उपयोगी पडल्या. आमच्या ग्रुपची जी रो गॅमा होती, म्हणजे वाट दाखवणारी सीनियर, या मुली त्या काळात स्वतःची सोरोरिटी कुठली ते सांगत नाहीत म्हणजे तुमच्यावर दबाव नको, तिला मी काहीही विचारायचे, ड्रेसचा फोटो पाठवून हा चालेल का इथपर्यंत. तुम्हीही विचारा, तिचं कामच ते आहे. कानात मात्र मी आठवडाभर तुळशीबागेतले साठ रुपयांचे मोती घातले आणि दोघींनी विचारलं कुठून घेतले म्हणून.

गेल्या वर्षी मी दाराच्या आतल्या बाजूला होते, म्हणजे मेंबर म्हणून नवीन मुलींना भेटणाऱ्यांत. आतलं व्होटिंग बाहेर बोलायचं नसतं आणि मी बोलणार नाही, पण एवढं सांगते की चाळीस-पन्नास जणी टाळ्या वाजवत गाणं म्हणत असतात, दार उघडतं, आणि त्या गोंगाटात समोरच्या मुलीचं नाव ऐकू येणं हेच अवघड असतं. कपड्यांना काहीच महत्त्व नाही असं म्हणणं खोटं होईल. पण मला आठवतात त्या मुली सारखा ड्रेस खाली ओढणाऱ्या, पट्टा सावरणाऱ्या, पाय दुखतोय म्हणून एका पायावर उभ्या राहिलेल्या, कारण त्यांचं लक्ष बोलण्यात नव्हतं आणि मलाही त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं. कोणाच्या अंगावर कुठला ब्रँड होता यातलं मला एकही आठवत नाही.

आणि ड्रेसमधून वाचवलेले पैसे ड्यूजसाठी, म्हणजे मेंबरशिपच्या फीसाठी ठेवा. खरा खर्च तो आहे, माझे पहिल्या सेमिस्टरचे दीड हजार डॉलरच्या आसपास झाले, नवीन मेंबरला सुरुवातीला जास्तच लागतात. प्रेफरन्सनंतर तुम्ही ज्या कागदावर सही करता तो बंधनकारक असतो, त्यात क्रम दिलेल्या घराने बिड दिली आणि तुम्ही नाकारली तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत दुसऱ्या पॅनहेलेनिक सोरोरिटीत जाता येत नाही, त्यामुळे सही करायच्या आधी आकडा विचारा, हप्ते मिळतात का विचारा, स्कॉलरशिप विचारा. तो झेपत नसेल तर दक्षिण आशियाई मुलींच्या सोरोरिटीज आहेत, डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनमध्ये आणि काप्पा फाय गॅमा ऑस्टिनमध्ये, दोन्ही १९९८ साली सुरू झालेल्या, त्यांची प्रक्रिया वेगळी असते, आठवडाभर घरोघर फिरायचं नसतं आणि त्यामुळे कपड्यांची एवढी तयारीही लागत नाही. माझी एक मैत्रीण त्यातल्या एकीत आहे आणि खूप खूश आहे.

आता चॅप्टरमध्ये असल्यामुळे मला रिक्रूटमेंटमधल्या मुलीला काही देता येत नाही, कपडे उसनेसुद्धा नाही, नियमच आहे तसा. नाहीतर तो निळा ड्रेस मी कधीच कोणाला तरी दिला असता. गेल्या गणपतीत मावशीकडे आरतीला तोच घातला, आदल्या रात्री तिच्या मशीनवर दोन्ही बाजूंनी उसवून अर्धा इंच सैल केला, काकांनी ठेवलेल्या मायेतली अजून अर्धा इंच शिल्लक आहे.